मायसेटोमा : एका नामकरणाचा इतिहास

जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानात अनवाणी राबणाऱ्यास बाभळीचा काटा नवा नाही. परंतु काट्याबरोबर मातीतील बुरशी पायात शिरली, तर वर्षानुवर्षे, बहुधा वेदनेवाचून, सूज वाढत जाते. तीस छिद्रे पडून त्यांतून काळे वा फिकट कण वाहू लागतात. मदुरेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीस मुंबईच्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयातील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीचे अर्बुद, हे नाव दिले. त्यांचा ग्रंथ १८७४ साली निघाला. (ग्रे यांच्या १८५८ च्या शरीररचनाग्रंथातील चित्रे यांचीच.) नाव मात्र अर्धेच खरे ठरले. फ्रेंच वैद्य व्हिन्सेंट यांनी १८९४ साली फिकट कणांतून जो सजीव वेगळा केला, तो आज जिवाणूंत गणला जातो.

काळा कण हा बुरशीच्या तंतूंचा, कृष्णरंजकाने लिंपलेला घट्ट पुंजका होय. रक्तातील श्वेतपेशी त्यास वेढतात, त्याच्या कडा कुरतडतात. गाभा मात्र शाबूत राहतो, आणि या दीर्घ दाहात भोवतालचे मांस व हाड झिजत जाते. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांना बहुधा दाद देतो. बुरशीजन्य प्रकारात पाय कापण्याची वेळ आजही येते. म्हणून उपचारापूर्वी कण कशाचा, हे पाहावे लागते. नावावरून ते कळत नाही.