पाम वृक्षांची हौशी लागवड

पाम वृक्षांची हौशी लागवड हा बागकामातील एक छंद असून त्यात ताल कुलातील (शास्त्रीय नाव: अरेकेसी) वनस्पती उत्पन्नासाठी नव्हे, तर संग्रह, निरीक्षण आणि शोभा यांसाठी मिळवून वाढविल्या जातात. या कुलात सुमारे १८० वंश व २,६०० जाती असून नारळ, पोफळ, ताड, शिंदी, खजूर, भेरली माड व वेत या परिचित वनस्पती त्यातच मोडतात. बहुतेक जाती उष्ण कटिबंधातील आहेत. त्यामुळे युरोपात काचगृहाशिवाय जगू न शकणाऱ्या अनेक जाती कोकणात व गोव्यात उघड्यावर वाढतात.

या छंदाचे स्वरूप पामच्या शरीररचनेने ठरते. गुलाबाप्रमाणे फांदी कापून किंवा आंब्याप्रमाणे कलम बांधून पामचे नवे झाड करता येत नाही. बहुतेक जातींना खोडाच्या टोकाशी एकच वाढणारा कोंब असतो व तो मेला की झाड मरते. खजुराच्या बुंध्याशी येणारे फुटवे किंवा अरेका पामसारख्या बेटाने वाढणाऱ्या जातींची विभागणी हे अपवाद सोडले, तर नवे रोप बियांपासूनच होते. म्हणून योग्य जातीचे, ताजे आणि रीतसर गोळा केलेले बी मिळविणे हा या छंदाचा रोप वाढविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक अवघड भाग आहे.

इतिहास

युरोपात पामचा संग्रह हा एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांचा व वनस्पती उद्यानांचा विषय होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फ्रिडरिक फिलिप फॉन मार्टियस यांनी ब्राझीलच्या प्रवासानंतर १८२३ पासून पामवरील आपला सचित्र ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला. लंडनजवळील क्यू येथील लोखंड व काचेचे पामगृह १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. ज्यांना काचगृह परवडत नव्हते त्यांच्या दिवाणखान्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाउ बेटावरचा केंशिया पाम आला. अंधूक उजेड आणि कोरडी हवा सहन करणारी ही जात इतकी लोकप्रिय झाली की बियांची निर्यात हा त्या लहानशा बेटाच्या उपजीविकेचा आधार बनला.

हौशी संग्राहकांची संघटना मात्र बरीच उशिरा झाली. १९५६ साली डेंट स्मिथ यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा येथे पाम सोसायटी स्थापन केली. पुढे ती आंतरराष्ट्रीय पाम सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या नियतकालिकात व्यावसायिक शास्त्रज्ञ आणि घरच्या परसात पाम लावणारे हौशी लोक एकत्र लिहीत आले आहेत. इतक्या मोठ्या व दुर्गम प्रदेशांत विखुरलेल्या कुलाचा अभ्यास केवळ संस्थांच्या बळावर झाला नसता, हे या नियतकालिकाचे जुने अंक चाळल्यास दिसून येते.

भारतात पामचे जुने संग्रह मुख्यतः वनस्पती उद्यानांत आहेत. हावडा येथील वनस्पती उद्यानात १८९४ साली लावलेला दर्याई नारळ त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी या जातीचे असते. तिचे मूळ स्थान असलेली सेशेल्स बेटे ठाऊक नसताना ही फळे समुद्रातून वाहत मालदीवच्या किनाऱ्याला लागत, म्हणून शास्त्रीय नावातही मालदीवचाच उल्लेख राहून गेला.

नावांचा गोंधळ

रोपवाटिकेत पाम म्हणून विकली जाणारी प्रत्येक वनस्पती पाम नसते. ‘सॅगो पाम’ हे सायकस असून ते फुले न येणाऱ्या अनावृतबीजी गटातील आहे. ‘ट्रॅव्हलर्स पाम’ केळीचा दूरचा नातलग आहे. ‘पोनीटेल पाम’चाही ताल कुलाशी संबंध नाही.

खऱ्या पामच्या बाबतीतही बाजारातील नाव पुरेसे ठरत नाही. महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला व गृहसंकुलांच्या प्रवेशद्वाराशी ओळीने लावलेल्या, पांढुरक्या गुळगुळीत खोडाच्या उंच झाडाला सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात. प्रत्यक्षात तो मूळचा क्युबा व आसपासच्या प्रदेशातील रॉयल पाम (रॉयस्टोनिया रेजिया) असतो. खरा बॉटल पाम म्हणजे हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस ही मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरील बुटकी, फुगीर बुंध्याची जात होय. दोन्हींची पूर्ण वाढ लक्षात घेता हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही. बुटके झाड समजून खिडकीजवळ लावलेला रॉयल पाम काही वर्षांत दुसऱ्या मजल्याच्या वर जातो आणि त्याची वजनदार झावळी खाली उभ्या वाहनांवर पडते.

बी व रोपे मिळविणे

नवख्या व्यक्तीला सर्वांत सोपा स्रोत म्हणजे आसपासची फळे धरलेली झाडे. पश्चिम भारतात शिंदी, भेरली माड व ताड यांचे बी हंगामात विनासायास मिळते. ताडाच्या बाबतीत मात्र बाजारातील ताडगोळे उपयोगाचे नाहीत, कारण ते कोवळ्या फळातील अपक्व गर असतात. रुजविण्यासाठी झाडावर पूर्ण पिकून आपोआप गळलेले फळ लागते. ताड, शिंदी व खजूर यांची नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने नर झाडाखाली वाट पाहणे व्यर्थ ठरते.

बागेतून गोळा केलेल्या बियांबाबत आणखी एक अडचण आहे. शिंदी, खजूर व कॅनरी बेटांवरील खजूर या फीनिक्स वंशातील जाती शेजारी लावल्या असता त्यांचा सहज संकर होतो. अशा बागेतील बियांपासून आलेले रोप देखणे असू शकते, पण त्याला मातृवृक्षाच्या जातीचे नाव देता येत नाही. संग्राहकांमध्ये बी कोणत्या ठिकाणाहून व कोणत्या वर्षी आले याची नोंद ठेवण्याला म्हणूनच महत्त्व आहे. नोंद नसलेले दुर्मीळ झाड अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते.

बियांच्या ताजेपणावर सर्वाधिक यशापयश अवलंबून असते. वर्षावनातील बहुतेक जातींचे बी वाळले की मरते, त्यामुळे पाकिटात महिनोन्महिने पडून असलेले बी स्वस्त मिळाले तरी महागच पडते. कोरड्या प्रदेशातील जाती याला अपवाद आहेत. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ साली रुजले. त्यातून वाढलेल्या झाडाला मेथुसेलह हे नाव देण्यात आले.

बी रुजविणे

फळाचा गर प्रथम काढून टाकावा लागतो. तो राहिल्यास बुरशी येते व उगवणही लांबते. फळे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून चोळल्यास गर सुटतो. भेरली माडाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने उघड्या हाताने हे काम केल्यास तीव्र खाज सुटते. रबरी हातमोजे वापरणे येथे अनिवार्य आहे.

स्वच्छ बी ओलसर कोकोपीटमध्ये, पारदर्शक पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवून उबदार जागी ठेवण्याची पद्धत हौशी लोकांत सर्वाधिक रूढ आहे. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये इतकेच ओले असावे. बहुतेक उष्ण प्रदेशीय जातींना २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत ते कोणत्याही उपकरणाशिवाय मिळते. वॉशिंग्टोनियासारख्या जाती काही आठवड्यांत रुजतात, तर इतर अनेकांना काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. एकाच फळांच्या घोसातील बियाही एकदम उगवत नाहीत. बी कुजलेले नसेल तोवर ते फेकू नये, असा अनुभवी संग्राहकांचा दंडक आहे.

उगवणीची तऱ्हाही जातीनुसार बदलते. नारळ व पोफळ यांचे रोप बियाला लागूनच वर येते. ताड, शिंदी व खजूर यांत मात्र बीजपत्राचा देठासारखा भाग प्रथम जमिनीत खाली उतरतो आणि पहिले पान त्याच्या तळाशी तयार होऊन बियापासून अंतरावर वर येते. ताडाचा हा देठ जवळजवळ मीटरभर खोल जाऊ शकतो. त्यामुळे ताडाचे बी कुंडीत न लावता कायमच्या जागीच पुरणे इष्ट असते.

बागेतील निगा

लावणीनंतर कित्येक वर्षे रोप उंच होत नाही, हा हौशी लोकांच्या निराशेचा सर्वांत सामान्य विषय आहे. पामच्या खोडाला आंबा-सागाप्रमाणे वर्षागणिक जाडी चढत नाही. रोप प्रथम जमिनीलगतच पूर्ण रुंदीचा बुंधा तयार करते आणि त्यानंतरच वर चढू लागते. या काळात उपासमार किंवा पाण्याची ओढ झाली तर खोडावर अरुंद झालेला भाग कायमचा दिसत राहतो.

कोकणातील जांभ्यापासून झालेल्या मातीत पाण्याचा निचरा चांगला असल्याने बहुतेक पाम सुखाने वाढतात. देशावरील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तेथे वरंबा करून अथवा खड्ड्यात वाळू व पोयटा मिसळून लावणी करतात. वर्षावनातील जातींच्या कोवळ्या रोपांना पहिली दोन-तीन वर्षे सावली हवी असते. तोडलेल्या मुळांबाबतही जातीजातींत मोठा फरक आहे: नारळाची जवळपास निम्मी तुटलेली मुळे पुन्हा वाढतात, तर अमेरिकेतील सबल पामची जवळजवळ सर्व मरतात. झाड हलविण्यापूर्वी ही माहिती घेतली नाही, तर कित्येक वर्षांचे संगोपन एका दिवसात वाया जाते.

पिवळी पडलेली जुनी पाने घाईने छाटण्याची सवय बागांमधून सर्वत्र आढळते. ती हानिकारक आहे. पालाश कमी पडल्यास झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरविते. अशी पाने तोडली की टंचाई वरच्या पानांत सरकते व शेंडा उत्तरोत्तर बारीक होतो. पूर्ण वाळलेली झावळी तेवढी काढावी. नवी पाने आखूड व चुरगळल्यासारखी येत असतील तर बहुधा मँगनीजची कमतरता असते.

काही जाती आयुष्यात एकदाच फुलतात. भेरली माडाची फुलोऱ्याची लोंबती घोसदार शृंखला शेंड्यापासून सुरू होऊन काही वर्षे खाली खाली उतरत जाते आणि ती संपली की खोड मरते. ज्याच्या बिया बजरबट्टू म्हणून ओळखल्या जातात तो श्रीताल साधारण ३० ते ८० वर्षांनी एकदाच प्रचंड फुलोरा धरतो. तो लावणाऱ्याला फुललेला दिसेलच असे नाही.

रोग व किडी

पश्चिम भारतात गेंड्या भुंगा ही नेहमीची कीड आहे. तो न उलगडलेल्या कोंबात शिरतो, त्यामुळे पान उलगडल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात व कुजत्या लाकडात वाढते. परसात खताचा खड्डा आणि पामचा संग्रह शेजारी असणे म्हणूनच धोक्याचे. कोंबात शिरलेला भुंगा तारेच्या आकडीने ओढून काढण्याची कोकणातील बागायतदारांची पद्धत हौशी बागेतही चालते.

सोंड्या भुंगा अधिक घातक आहे. मादी खोडावरील जखमांत अंडी घालते व अळ्या आतला गाभा पोखरतात. बाहेरून लक्षण दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दक्षिण व आग्नेय आशियातील ही कीड १९८०च्या दशकात आखाती देशांत व १९९०च्या दशकात स्पेनमध्ये पोहोचली आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील असंख्य कॅनरी खजूर तिने नष्ट केले. ती एवढ्या अंतरावर उडत गेली नाही. शोभेसाठी आणलेल्या मोठ्या झाडांच्या खोडांतून तिचा प्रवास झाला. पावसाळ्यात होणारी कोंब कुज वेळीच लक्षात आल्यास कुजका भाग खरवडून बोर्डो मलम लावतात.

वन्य जातींवरील परिणाम

जगभर कुंड्यांतून दिसणारा अरेका पाम मूळचा मादागास्करमधील आहे. लागवडीत विपुल असलेली जात निसर्गात सुरक्षित असेलच असे नाही. खऱ्या बॉटल पामची राउंड बेटावरील स्थिती याहून बिकट असून ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. त्याच वंशातील हायोफोर्बे अमॅरिकॉलिस या जातीचे एकच झाड मॉरिशसमधील क्युरपाइप येथील उद्यानात शिल्लक आहे.

संग्राहकांच्या हव्यासाचे सर्वपरिचित उदाहरण फॉक्सटेल पामचे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या केप मेलव्हिल परिसरापुरत्या मर्यादित असलेल्या या जातीला १९८३ साली वोडिएशिया बायफर्काटा हे शास्त्रीय नाव मिळाले. कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुपकेदार पानांमुळे मागणी इतकी वाढली की १९९०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यानातून बियांची चोरी होऊ लागली. पुढे लागवडीतील झाडांनाच मुबलक फळे येऊ लागल्यावर बियांचे मोल उतरले. आता ही जात पुण्या-मुंबईतील गृहसंकुलांतही सामान्य झाली आहे.

मादागास्करमधील ताहिना पामच्या बाबतीत घटनाक्रम वेगळा झाला. काजूच्या मळ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या झेवियर मेट्झ यांच्या कुटुंबाला आढळलेल्या या महाकाय, एकदाच फुलणाऱ्या झाडाची छायाचित्रे क्यू येथील पामतज्ज्ञ जॉन ड्रान्सफिल्ड यांच्यापर्यंत गेली आणि २००८ मध्ये तो नव्या वंशाचा, ताहिना स्पेक्टाबिलिस या नावाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी निसर्गात शंभराहून कमी झाडे ज्ञात होती. बी स्थानिक ग्रामस्थांच्या सहभागाने गोळा करून संग्राहकांना विकण्यात आले व उत्पन्नाचा वाटा गावाला मिळाला. त्यामुळे झाडे राखण्यात ग्रामस्थांचे हित निर्माण झाले. लॉर्ड हाउ बेटावरही केंशियाच्या बियांचे संकलन नियंत्रणाखाली राहिले असून बेटावर रोपवाटिका आहे.

सेशेल्समधून दर्याई नारळाचे फळ परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. भारतात परदेशी बी किंवा रोपे आणण्यासाठी २००३च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने मागविलेल्या बियांच्या लहान पाकिटालाही हाच नियम लागू आहे.