लेण्यांचे दुसरे रहिवासी

अजिंठ्याचा इतिहास सांगताना आपण एक मोठी उडी मारतो. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटकांची सत्ता मावळली, पुढे भिक्षूंचा राबता आटला, आणि 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीस निघालेला जॉन स्मिथ हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी तेथे येऊन पोहोचला. मधली हजारबाराशे वर्षे लेणी ओस होती, असे आपण म्हणतो. माणसापुरते ते खरे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांना त्या अंधाऱ्या दालनांत वटवाघळांची वस्ती आढळली. या दुसऱ्या रहिवाशांनाही इतिहास आहे. तो जाणल्यावाचून त्यांचा न्याय करू नये, एवढेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

प्रथम फिर्यादीची बाजू ऐकू. वटवाघळांच्या विष्ठेने अजिंठ्याच्या चित्रांची हानी झाली, हे निर्विवाद आहे. जी चित्रे पुन्हा काढता येणार नाहीत, त्यांच्या रक्षणासाठी या पाहुण्यांना तेथून घालवणे प्राप्तच होते. पण हे पाहुणे कोण, हा प्रश्न मात्र आपण फार उशिरा विचारला.

त्याचे पद्धतशीर उत्तर शोधण्यास आरंभ झाला तो विसाव्या शतकात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत सापडलेल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यास रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे कित्येक दशके ही जात जगात त्या एका गुहेपलीकडे कोणास ठाऊक नव्हती! मेघालयात व कंबोडियात ती आढळली, ती फार नंतर. एक गुहा बुजली असती, तर काय गमावले हेही आपणास कळले नसते.

मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवरील आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचे लेख 1962-63 मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात आले. अशा अभ्यासांतून दिसते ते असे की, एकाच लेण्यातही प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे असते. काही जाती दारापाशी, अर्धवट उजेडात, भिंतीला पोट टेकून बसतात. नाकावर पानासारखी कातडी असलेल्या जाती आतल्या काळोखात छताला मोकळ्या लोंबतात. गुहेत राहणारी फळखाऊ वटवाघळे एकमेकांस बिलगून घोस करतात. त्यांचेच थोरले भाऊबंद गुहेत पाऊल टाकीत नाहीत. ते गावच्या वडापिंपळावर किंवा चिंचेवर भरदिवसा उघड्यावर लटकतात. आणि अगदी लहान जाती आपल्याच घराच्या वाशांत व भिंतींच्या फटींत नांदतात.

राहण्याची जागा कळली, तरी जन्माची कथा उरते. विसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर येथे प्रा. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती चिकाटीने उलगडली. झाडावरील थोरल्या वाघळाची मादी वर्षाकाठी एकच पिलू देते. गुहेतील फळखाऊ जातीची मादी आपल्याकडे वर्षातून दोनदा विते, मार्चच्या सुमारास आणि पुन्हा पावसाळ्यात, पण दर खेपेस पिलू बहुधा एकच. पाननाक्या जातींच्या मादीस जांघेपाशी दोन खोटी स्तनाग्रे असतात. त्यांना दूध येत नाही. आई उडत असता पिलाने धरून राहावे, एवढाच त्यांचा उपयोग. उंदराची मादी वर्षात वेताला वेत काढते, म्हणून मारलेले उंदीर लवकर भरून येतात. वटवाघळाचे तसे नाही. त्याची भिस्त दीर्घायुष्यावर आहे. सैबेरियातील दहा ग्रॅमही न भरणारे एक वटवाघूळ एक्केचाळीस वर्षे जगल्याची नोंद आहे. अर्थात, एका उन्हाळ्यात उद्ध्वस्त झालेली वसाहत सावरावयास अनेक वर्षे लागतात.

हे ज्ञान हाती असूनही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उंदीर आणि कावळे यांच्यासह उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविले. मोहाच्या फुलांचे परागीभवन आणि वडाउंबरांच्या बियांचा प्रसार ही त्यांची कामे त्या यादीस दिसली नाहीत. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, ही समाधानाची गोष्ट होय.

तेव्हा निवाडा काय? जेथे चित्रे आहेत, तेथे चित्रांचा हक्क पहिला. पण किल्ल्यांवरची रिकामी कोठारे, पडके वाडे, चित्रे नसलेल्या गुहा यांची डागडुजी काढताना वर कोण राहते आणि पिले अंगावर आहेत काय, एवढी चौकशी करून मगच मजूर लावावेत. पिले उडू लागेपर्यंत थांबल्याने भिंत पडत नाही; न थांबल्यास वंश मात्र बुडतो.