घशात दबा धरलेला घटसर्प

घटसर्प बाहेरूनच येतो, असं आम्ही समजायचो. पण त्याचे जंतू काही धडधाकट म्हशींच्या घशातही राहतात. दुष्काळानं खंगलेलं जनावर पहिल्या पावसात भिजलं, की ते उसळतात. गळा सुजतो, घरघर लागते, दिवसा-दोन दिवसांत दावण रिकामी. (लेकरांचा घटसर्प वेगळा बरं!)

याच जातीच्या जंतूवर पाश्चरनं १८८० च्या सुमारास कोंबड्यांसाठी लस काढली. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. आमच्या सोलापूरकडच्या, बहात्तरचा दुष्काळ सोसलेल्या सासवांचा भरवसा मात्र डागण्यावरच. आता गटातून म्हशीला कर्ज देताना आम्ही आधी विचारतो, पावसाळ्याआधी लस टोचणार ना?