सात पट्ट्यांचा जुरा

1815 साली व्हिएन्नात युरोपची वाटणी नव्याने होत होती, तेव्हा बर्न हे स्विस कँटन भरपाई मागत होतं. व्हो आणि आरगाउ हे त्याचे मुलूख हातचे गेले होते. बदल्यात त्याला जुरा डोंगरातला, बाझलच्या बिशपचा जुना मुलूख मिळाला. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. जर्मन बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट बर्नच्या पदरात फ्रेंच बोलणारी, बरीचशी कॅथलिक प्रजा पडली.

धुसफुस जुनीच, भडका उडाला 1947 मध्ये. जुराचे जॉर्ज म्योकली बर्नच्या मंत्रिमंडळात होते. त्यांच्याकडे बांधकाम खातं द्यायला विधिमंडळाने नकार दिला, कारण एवढं वजनदार खातं फ्रेंच भाषकाकडे नको! त्याच वर्षी जुराचा झेंडा रेखाटला गेला : बिशपचा दंड आणि सात जिल्ह्यांचे सात तांबडे-पांढरे पट्टे. साठच्या दशकात जाळपोळ झाली, बॉम्बही फुटले.

अखेर 1970 मध्ये बर्नने घटनादुरुस्ती करून तोड काढली. आधी साऱ्या जुराने मत द्यायचं. वेगळं कँटन हवं असा कौल आला, तर नाखूश जिल्ह्यांनी पुन्हा मत द्यायचं आणि शेवटी नव्या सरहद्दीवरच्या गावांनी. दिसायला सरळ, पण मला ही तोड धूर्त वाटते. दक्षिणेचे जिल्हे फ्रेंच बोलत असले तरी प्रॉटेस्टंट होते, बर्नशी जुन्या संबंधांनी बांधलेले. ते कुठे झुकतील हे बर्नला उमगत नव्हतं असं थोडंच आहे?

23 जून 1974 रोजी 36,802 विरुद्ध 34,057 मतांनी वेगळेपणाची बाजू जिंकली. देलेमाँ शहरात जल्लोष झाला. पुढच्याच मार्चमध्ये दक्षिणेचे तीन जिल्हे बर्नकडे राहिले. जर्मन भाषक लाउफन जिल्ह्यानेही जुराची वाट धरली नाही. 1994 मध्ये तो बाझल-लँडशाफ्ट कँटनमध्ये गेला. 1978 मध्ये देशभरच्या मतदारांनी जुरा या 26व्या कँटनला मान्यता दिली आणि 1 जानेवारी 1979 रोजी ते अस्तित्वात आलं. पट्टे सात, जिल्हे तीन.

गावांचा हिशेब मात्र मिटला नाही. वेलरा हे खेडं जुराकडे जायला उत्सुक, पण 1975 मध्ये ते सरहद्दीला लागून नव्हतं, म्हणून मतदानाचा हक्कच नाही. वैतागून 1982 मध्ये त्याने स्वतःला ‘स्वतंत्र गाव’ जाहीर केलं. जुरात शिरायला 1996 उजाडलं. मूटिए शहराने 2017 मध्ये 137 मतांच्या फरकाने जुरा निवडला. गैरप्रकारांमुळे ते मतदान रद्द ठरलं. 2021 मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा जुरा. मग शाळा, पोलीस, करवसुली, कोर्ट सगळं हलवण्याचा करार झाला, त्यालाही दोन्ही कँटनांच्या मतदारांची मंजुरी लागली. 1 जानेवारी 2026 ही हस्तांतराची तारीख. मूटिएला खेटून असलेल्या बेलप्राओं गावाने मात्र 2017 मध्ये, थोडक्या मतांनी का होईना, बर्नच पसंत केलं.