वस्तादाचा वाटा

गोल्फच्या नियमांत खेळाडूच्या पाठीशी चालणाऱ्या माणसाला, म्हणजे कॅडीला, ठरलेली जागा आहे. एकेरी खेळात फेरी चालू असताना खेळाडूने सल्ला विचारायचा तो फक्त त्यालाच. त्याच्या हातून नियम मोडला तर दंड खेळाडू भरतो. व्यावसायिक स्पर्धेत त्याला आठवड्याचा मेहनताना मिळतो आणि वर बक्षिसात टक्केवारी.  आमच्या सातारा-सांगलीचा खेळ मात्र कुस्ती. इथे पाठीशी उभा राहणारा माणूस म्हणजे वस्ताद. त्याचे काम कॅडीहून कितीतरी मोठे, पण इनामात त्याचा वाटा किती, हे कोणत्याही मैदानावर ठरलेले नसते. ही रीत पूर्वापार आहे आणि गुरू-शिष्याच्या नात्यातून आली आहे, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. वस्तादाला वाटा नसणे ही संस्थानी काळातल्या एका सोयीची शिल्लक आहे. सोय गेली आणि रीत तेवढी राहिली.

वस्ताद नेमके काय करतो, हे जत्रेच्या मैदानात कुस्त्या सुरू होण्याआधी पाहावे. जोड लावायची असते. दोन गावचे वस्ताद आपापली पोरे पुढे करतात. एकमेकांच्या पोराचा दंड चाचपतात, मान बघतात, कान मोडलेला आहे का ते बघतात. कान मोडलेला म्हणजे पोराने माती बरीच खाल्लेली. कोण किती वर्षे मेहनत करतो, मागच्या जत्रेत कुणाला पाडले, खांदा धरलाय का, हे चार वाक्यांत विचारून घेतले जाते. मग ‘लावा’ किंवा ‘नको’ एवढाच निकाल. बाहेरच्याला ही किरकोळ घासाघीस वाटते, पण मैदानातला सर्वांत जोखमीचा निर्णय इथेच होतो. जोड चुकली तर पोर मानेवर पडते, किंवा वर्षाची मेहनत दोन मिनिटांत मातीत जाते. पुढे डाव सांगणे, ढाक बसत नसेल तर पट काढायला लावणे, दम तुटतोय हे ओळखून कुस्ती बरोबरीत सोडवायला हात वर करणे, हे सगळे मैदानाच्या कडेने चालते. त्यामागे वर्षभराचे पहाटेचे उठवणे, जोर-बैठका मोजून घेणे, खुराकावर नजर ठेवणे आहेच. हलगी वाजते ती पैलवानासाठी, आणि इनाम पुकारले जाते तेही त्याच्याच नावाने.

संस्थानी काळात यात अडचण नव्हती. आजच्या या दोन जिल्ह्यांत औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती, आणि शेजारी कोल्हापूर. शाहू महाराजांनी तिथे तालमींना आणि मल्लांना दरबारचा आधार दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. अशा व्यवस्थेत तालमीचा खर्च दरबार किंवा एखादा सरदार उचलत असे. वस्तादाचे पोट तालमीवर होते, जत्रेच्या इनामावर नव्हते. इनाम पूर्ण पैलवानाचे आणि वस्तादाला फेटा-नारळ, ही वाटणी त्या काळात रास्तच होती. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतली बहुतेक संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये कोल्हापूरही गेले. आधार गेला. पुढे सहकारी साखर कारखाने आले, त्यांनी मल्लांना मानधन सुरू केले. ते चांगलेच झाले, पण कारखान्याने पैलवान दत्तक घेतला. वस्ताद तसाच फेटा-नारळावर राहिला.

खाशाबा जाधवांची कथा या संक्रमणाच्या ऐन मध्यावरची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. चार वर्षांनी संस्थान उरले नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, बाकी लोकवर्गणी. राजाश्रयाची जागा एका प्राचार्याच्या घराने घ्यावी, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? ही कथा सांगताना खर्डेकरांचे पैसे येतात, परतल्यावरची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक येते. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी या वस्तादांची नावे मात्र एका ओळीत उरकली जातात, कित्येकदा तीही नाही. खाशाबांचा ढाक नावाजलेला होता. तो कुणी घोटवून घेतला, हे विचारण्याची आपल्याला सवयच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वस्ताद गुरू आहे, त्याला टक्केवारी लावणे म्हणजे नाते बाजारात नेणे. या भावनेचा मी आदर करतो. पण शाळेतल्या गुरुजींना पगार मिळतो म्हणून त्यांचा मान घटलेला नाही. गाण्यातल्या उस्तादांनाही दरबारातून तनखा होता. बिदागी ठरवल्याने नाते मोडत नाही. ते मोडते वस्तादाच्या घरात उपासमार झाली म्हणजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्ताद बहुधा स्वतः नावाजलेला पैलवान असतो, त्याने आपल्या काळात कमावलेले असते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंद केसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी आणि कवठेपिरानच्या मारुती मानेंनी प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य आणले. आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि अनेक दशके पोरे घडवत राहिले. पण आंदळकर किती होणार? गावोगावच्या तालमींत उभे असलेले बहुतेक वस्ताद किताबाविना पस्तिशीत थांबलेले आहेत. सरकारचे मानधन किताबामागून चालते, त्यामुळे ज्याने किताब घेतला नाही पण घेणारे तयार केले, तो त्यात बसत नाही. १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी कुस्तीचे भालचंद्र भागवत त्याचे मानकरी ठरले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पुरस्कार एखाद्यालाच मिळतो, आणि मैदाने दर हंगामाला भरतात.

तिसरे म्हणणे असे की मातीऐवजी मॅट आल्यावर जुना वस्ताद कालबाह्य झाला. खाशाबांनाही लंडनच्या आधी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाची मदत घ्यावी लागली होती, हे खरे. पण मॅटच्या नियमांनी कोपऱ्यातल्या माणसाचे महत्त्व वाढवलेच आहे. पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याची खूण तोच मॅटवर टाकतो, आणि आव्हान फसले तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. वजनावर नजरही त्यालाच ठेवावी लागते, आणि तो हिशेब किती निष्ठुर असतो, हे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट अवघ्या १०० ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. शिवाय आता मुलीही आखाड्यात आहेत: मार्च २०२३ ची पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली, आणि तिची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली. मुलींच्या तालमी वाढतील तसे वस्तादाचे काम आणखी वाढणार आहे. त्यात घरच्यांचा विश्वास मिळवणे आणि पोरींच्या राहण्या-जाण्याची जबाबदारी घेणे हेही आले.

आजही जत्रेच्या कुस्त्यांच्या फलकावर पैलवानाच्या नावाखाली ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ असे छापतात, आणि शेजारी इनामाची रक्कम व देणगीदाराचे नाव. वस्तादाचे नाव तिथे आहेच. यात्रा कमिटीने त्याच ओळीत इनामातला दहावा हिस्सा त्याच्या नावे लिहावा आणि तो पैलवानाच्या रकमेतून न कापता वर्गणीतून वेगळा द्यावा. लाखांच्या कुस्त्या लावणाऱ्या मैदानांना हे जड नाही. पंचांनी इनाम पुकारताना तीही रक्कम पुकारावी.