भिवंडीत जेवायला जायचंय? मग गोडाऊनचा नाही, यंत्रमागाचा रस्ता धरा

भिवंडी म्हटलं की डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक ट्रॅफिक आणि दुसरं गोडाऊन. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाईल, चप्पल, मिक्सर बऱ्याचदा इथूनच निघतो. पण फक्त जेवायला म्हणून भिवंडीला चाललोय असं कुणी सांगितलं, तर समोरचा हसतो.

हसू नये. ठाण्याहून साधारण १५ किलोमीटरवरच्या या शहरात कोकणी मुस्लिम, उत्तर भारतीय, तेलंगणी आणि आगरी अशा चार वेगवेगळ्या चुली पेटतात.

एका गावात एवढं सगळं आलं कसं?

युरोपात सुट्टीला जाणारे लोक सिसिली बेटावर आवर्जून खायला जातात. तिथे अरबांनी भात, ऊस आणि लिंबू आणलं, मागून आलेल्यांनी आपापलं काही मिसळलं आणि बंदराच्या येण्याजाण्यातून तिथली चव तयार झाली. भिवंडीचंही गणित तेच आहे. आज खरं वाटणार नाही, पण वसईच्या खाडीला लागून असलेलं हे जुनं बंदर. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात याच खाडीच्या आधाराने झाली.

बंदरामुळे कोकणी मुस्लिम आले. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर हातमाग घेऊन आले. पुढे वीज आली, हातमागाचे यंत्रमाग झाले आणि तेलंगणातले पद्मशाली विणकरही इथे स्थिरावले. आगरी-कोळी तर आधीपासूनचेच.

सुरुवात सांदणापासून

कोकणी मुस्लिम कुटुंबांत बोलली जाणारी बोली मराठीशी इतकी जवळची आहे की पाच मिनिटांत कान सरावतो. त्यांचं जेवणही तसंच ओळखीचं आणि तरी वेगळं. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं कालवण, आखणी पुलाव आणि सांदण. रत्नागिरीकडे सांदण म्हटलं की फणसाचा रस आठवतो. इथलं सांदण तांदूळ आणि नारळाचं, आंबवून वाफवलेलं, पांढरंशुभ्र आणि जाळीदार. पूर्वी आंबवायला ताडी घालायचे. ते खिम्याबरोबर खातात किंवा गोड नारळाच्या दुधात बुडवून.

अडचण एकच. हे जेवण हॉटेलात क्वचित मिळतं, कारण ते घरचं आहे. ओळखीचं कुणी असेल तर लग्नाचं किंवा ईदचं आमंत्रण सोडू नका. नसेल तर घरून ऑर्डर घेणाऱ्या बायकांची चौकशी करा, आणि ती आदल्या दिवशी करा.

निहारी सकाळीच का?

निहारी हा शब्द अरबीतल्या ‘नहार’ म्हणजे सकाळ किंवा दिवस या शब्दावरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण पहाटे खायचं, अशी ती पद्धत. ती यंत्रमागाच्या गावात टिकली यात नवल नाही. इथे १२-१२ तासांच्या पाळ्या चालतात. रातपाळी करून बाहेर पडलेल्या माणसाला पोहे पुरत नाहीत.

तीनबत्ती, निजामपुरा, कोटरगेट या जुन्या भागांत निहारी, पाया आणि शीख कबाब मिळतात. रमजानमध्ये मगरीबनंतर तिथे खिचडा, मालपुवा, फिरनी, फालुदा असा सगळाच बाजार भरतो. तेव्हा जाणार असाल तर एक पथ्य पाळा: इफ्तारच्या अर्ध्या तासात गर्दीत घुसून रील काढू नका. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला आधी खजूर खाऊ द्या.

पद्मानगरात मराठीपेक्षा तेलुगू जास्त ऐकू येते

संक्रांतीला इथल्या घरांत सकिनालू तळले जातात. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हाताने गोल गोल वळलेल्या, चकलीच्या कुळातल्या या कड्या. नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा असते, तेव्हा फुलांच्या उतरंडी रस्त्यावर येतात आणि त्याबरोबर पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात. एरवी गेलात तर तिखटाची तयारी ठेवा. कोल्हापूरकरांनीही.

आणि मग भिशी

महाराष्ट्रात भिशी म्हटलं की पैशांची भिशी. भिवंडीत भिशी म्हणजे कामगारांची खानावळ. गाव सोडून एकटे आलेले हजारो पुरुष कारखान्यात किंवा एका खोलीत दहा-बारा जण राहतात. स्वयंपाकाला जागा नाही, वेळही नाही. मग महिन्याचे पैसे भरून भिशीत दोन वेळ जेवायचं. ज्या भागातले कामगार, त्या भागाचं जेवण. कुठे भाताचा ढीग आणि पातळ डाळ, कुठे रोटी-भाजी, आठवड्यातून एखाद्या दिवशी मटण किंवा चिकन. हिशोब वहीत आणि उधारी माणसाच्या तोंडाकडे बघून.

हा धंदा किती नाजूक आहे हे मार्च २०२० मध्ये कळलं. लॉकडाऊन लागला, माग थांबले, मजुरी थांबली. कामगारांकडे भरायला पैसे नाहीत आणि भिशीवाल्याकडे वाण्याला द्यायला नाहीत. भिशा बंद पडू लागल्या आणि लोक मुंबई-नाशिक हायवेने गावाकडे चालत निघाले. मजुरी नाही म्हणून ते निघाले हे खरंच, पण ताट बंद झालं हे त्यामागचं तितकंच मोठं कारण होतं.

आजही सुताचे वर-खाली होणारे भाव, विजेचं बिल आणि स्वस्त कापडाची स्पर्धा यामुळे अनेक माग भंगारात जातायत. त्यांच्या जागी गोडाऊन येतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्यासाठी ती इथे वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जकात गेली, गोडाऊन मात्र राहिली आणि वाढतच गेली. गोडाऊनमधला कामगार डबा आणतो किंवा गेटबाहेर वडापाव खातो. माग गेला की त्याच्या मागची भिशी जाते ती अशी.

भिशी पाहुण्यांसाठी नसते. काही ठिकाणी पैसे देऊन एक वेळ जेवता येतं, पण विचारून बसा, आणि पाळी सुटायच्या वेळेला कुणाची जागा अडवू नका.

आगरी ताट

काल्हेर, कशेळी, अंजूर, खारबाव ही खाडीकाठची गावं. इथलं आगरी मटण झणझणीत, सोबत तांदळाची भाकरी किंवा वडे. हळदीच्या रात्री हेच वडे-मटण शेकडो माणसांना वाढतात. खरी आगरी चव मात्र खाडीची: चिंबोरी, कोलंबी, निवट्या. ती आता दुर्मिळ होत चालली आहे. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी खाडीत जातं, कामवारी नदीची अवस्था तर पाहवत नाही. म्हणून मासळी मागवताना ‘खाडीची की बाजाराची?’ हे विचारायला लाजू नका. हायवेवरच्या ‘आगरी’ पाटीखाली बहुतेक वेळा बाजाराचीच असते. सुकट आणि सुक्या बोंबलाचं कालवण हा जास्त भरवशाचा पर्याय.

शाकाहारी असाल तर वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळा. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभं राहिलेलं वज्रेश्वरीचं मंदिर आणि गरम पाण्याची कुंडं याच तालुक्यात आहेत. गणेशपुरीत नित्यानंद स्वामींमुळे दक्षिणेतून भक्त येत राहिले, त्यामुळे तिथे इडली-डोसा चांगला मिळतो.

जायचं कसं?

भिवंडी रोड हे स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, पण गाड्या कमी आणि स्टेशन जुन्या बाजारापासून लांब. त्यापेक्षा ठाणे किंवा कल्याणहून एसटी, नाहीतर शेअर रिक्षा. स्वतःची गाडी असेल तर ती कल्याण नाक्याच्या अलीकडेच लावा आणि पुढे रिक्षाने जा, नाहीतर निहारीची वेळ अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्येच निघून जाईल.