करणी कोणाची?



आपल्या यवतमाळकडे ‘करणी’ म्हटलं की बायांचा आवाज बारीक होतो. म्हैस आटली, दुकान बसलं, सुनेला दिवस राहत नाहीत, की कोणीतरी म्हणतंच, “करणी-कवटाळ असंल.”

शब्द मात्र मुळात साधा आहे. ‘करणे’पासून करणी, म्हणजे कृती. गवंडी ज्यानं गिलावा करतो ती करणी. लग्नातल्या मानपानालाही जुनी माणसं करणी म्हणत. ‘वरकरणी’ तर आपण रोज बोलतो. “देवाची करणी आणि नारळात पाणी” यात नवल आहे, “जशी करणी तशी भरणी” यात न्याय. मला वाटतं, नवलाच्याच वाटेनं हा शब्द जादूकडे गेला. कसं झालं ते कळेना, म्हणून कोणाची तरी करणी!

विद्या, सिद्धी आपल्या ग्रंथांतही आहेत. श्वेतांबर परंपरेत स्थूलभद्रांची कथा आहे. साध्वी झालेल्या सात बहिणी भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी विद्येनं सिंहाचं रूप घेतलं. भद्रबाहूंना हे कळताच त्यांनी पुढचं शिकवणं थांबवलं. संघानं विनवल्यावर शेवटची चार पूर्वं दिली, तीही अर्थाशिवाय. चमत्काराचं प्रदर्शन गुरूला एवढं खटकलं.

आणि कर्मसिद्धांत काय सांगतो? सुखदुःख आपल्याच कर्माचं फळ. मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते: माझ्या खात्यात दुसरीला नोंद करता येत नाही. मग णमोकार म्हणणाऱ्या घरात उतारा कशाला?

माझ्या लहानपणी गल्लीत एक विधवा काकू होत्या. शेजारचं बाळ तापानं गेलं आणि बोट त्यांच्याकडे वळलं. पुढे त्यांच्या हातचं ताक कोणी घेतलं नाही, मुलांना त्यांच्या दारावरून जाऊ दिलं नाही. तोंडावर कोणी बोललं नाही, पण त्या एकट्या पडल्या. असं बोट एकट्या बाईकडेच का जातं, याचा विचार करा.

याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं पसरवून तिला छळणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड.

मैत्रिणींनो, वाणीचा संयम आपण पर्युषणात पाळतोच. पुढच्या वेळी कोणी “तिनं करणी केली” म्हणालं, तर गप्प बसू नका. बाळाला डॉक्टरकडे न्या, म्हशीसाठी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि ज्या बाईचं नाव निघालं, तिच्या घरी जाऊन चहा घ्या. आपली करणी तीच.